संघातली चौथी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किंचित संक्षिप्त केले आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'माझा छंद' हा विषय दिला आहे. वर प्रेमळ सूचनाही केली आहे की परदेशात राहतेस म्हणून तिकडचं कौतुक ऐकवू नकोस. सूचना मला मान्य आहे. तेव्हा लंडनच्या बागा आणि वेळेवर येणाऱ्या गाड्या आपण सोडून देऊ. गाड्या तशाही वेळेवर येत नाहीत. मी आज चिखलाबद्दल बोलणार आहे.

गेली चौदा वर्षं मी क्रॉसकंट्री शर्यती धावते. हसलात ते बरं झालं, कारण शाळेत माझं नाव धावण्याशी कोणीच जोडलं नसतं. माझी कामं म्हणजे सुविचार लिहिणं, वह्या गोळा करणं आणि तपासनीस आले की स्वागतगीत म्हणणं. मुलींना क्रीडामहोत्सवात शंभर मीटर, लिंबू-चमचा आणि खो-खो. टेकडीला वळसा घालून येणारी लांब पल्ल्याची शर्यत फक्त मुलांची. आम्ही मागच्या गेटापाशी पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या. ही तक्रार नाही. तेव्हा सगळीकडेच तसं होतं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तीसुद्धा 1984 साली, आपला दहावीचा निकाल लागला त्याच वर्षी.

आता क्रॉसकंट्री म्हणजे काय, ते सांगते. रस्ता नाही, ट्रॅक नाही. माळ, गवत, झाडी, चढ, उतार, मिळेल ती जमीन. इंग्लंडात याचा मोसम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे नेमका पावसाचा आणि थंडीचा. शनिवारी दुपारी एखाद्या मोठ्या मैदानावर तीस-चाळीस क्लब जमतात. प्रत्येकाचा एक तंबू, नाहीतर नुसती ताडपत्री. तिच्याखाली कुडकुडत कपडे बदलायचे. पायात खिळ्यांचे बूट. खिळे जमिनीप्रमाणे बदलायचे, चिखल फार असेल तर पंधरा मिलिमीटरचे लावायचे. माझी आजी भाताच्या गावची. चिखलणी केलेल्या खाचरात पाय कसा घोट्याच्या वर रुततो आणि उचलताना कसा आवाज येतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की तिथे रोपं लावायची नसतात, पळायचं असतं. एकदा माझा डावा बूट चिखलात राहिला. मागून दोनशे बायका येत होत्या, वाकून शोधणं शक्य नव्हतं. उरलेलं अंतर मोज्यावर धावले. शर्यत संपल्यावर एका दुसऱ्याच क्लबच्या मुलीनं तो बूट शोधून आणून दिला. तेव्हापासून बुटावरून चिकटपट्टी गुंडाळते.

या खेळात विक्रम नसतात. चिखल दर शनिवारी वेगळा, टेकडी दर मैदानाची वेगळी, मग वेळेची तुलना कशाशी करणार? घड्याळ लावलं तरी त्याला अर्थ नाही. कितवी आलीस, एवढंच विचारतात. आपल्या वयाला हे फार सोयीचं आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी किती मिनिटं लागली आणि आज किती, हा हिशेब आपोआप बंद होतो.

याचा इतिहास शाळेचाच आहे, म्हणून गुरुजनांसमोर थोडा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या निवासी शाळांमध्ये मुलं 'हेअर अँड हाउंड्स' खेळायची. दोन मुलं ससे व्हायची, खांद्यावर कागदाच्या कपट्यांची पिशवी घेऊन पुढे पळायची आणि कपटे टाकत जायची. बाकीची मुलं शिकारी कुत्री, ती माग काढत मागे. रग्बीच्या शाळेतली क्रिक रन 1830च्या दशकापासून चालत आली आहे, आणि टॉमस ह्यूजच्या 1857च्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज'मध्ये या खेळाचं वर्णन आहे. ही मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, पण त्यांची हौस गेली नाही. 1868 साली लंडनमध्ये टेम्स हेअर अँड हाउंड्स नावाचा क्लब निघाला, तो आजही चालू आहे. 1876 साली एपिंगच्या जंगलात राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली शर्यत ठेवली, आणि त्यात सगळेच्या सगळे धावपटू वाट चुकले! शर्यत रद्द करावी लागली. पुढच्या वर्षी नीट झाली. मला या खेळाबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं ते ही हकिगत ऐकून. ज्या खेळाची सुरुवातच अशी आहे, तिथे आपलाही निभाव लागेल असं वाटलं.

बायकांना मात्र इथेही थांबावं लागलं. त्यांची राष्ट्रीय शर्यत 1927 साली सुरू झाली, पुरुषांनंतर पन्नास वर्षांनी. तीही बरीच वर्षं कमी अंतराची, पुरुषांना बारा किलोमीटर तर बायकांना आठ. यावर तिकडे खूप भांडणं झाली. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. माझं मत विचाराल तर अंतर सारखं हवं, पण त्या दिवशी पाऊस नको.

आता मुद्द्याचं. गुण कसे मोजतात ते सांगते, कारण माझं सगळं भाषण त्यासाठीच आहे. गणिताच्या सरांनी चुकलं तर थांबवावं.

शर्यत एकटीची दिसते, पण असते संघाची. जो पहिला येतो त्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, शंभराव्याला शंभर. प्रत्येक क्लबाच्या ठराविक जणांचे आकडे मिळवायचे, ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकला. किती जणांचे धरायचे हे स्पर्धेप्रमाणे बदलतं, कुठे सहा, कुठे दहा, कुठे बारा. बायकांच्या राष्ट्रीय शर्यतीत चार. समजा आपल्या 'अ' तुकडीच्या मुली पहिली, दुसरी, तिसरी आल्या आणि चौथी मुलगी चाळिसावी आली. बेरीज शेहेचाळीस. 'ब' तुकडीच्या मुली आठवी, नववी, दहावी, अकरावी आल्या. बेरीज अडतीस. ढाल 'ब' तुकडीला. पहिले तिन्ही नंबर 'अ'चे, आणि हरले 'अ'च! कुठे हरले, तर चौथीपाशी. आणि 'अ'ला चौथी मुलगीच मिळाली नाही, तर त्या तिघींचे नंबर त्यांच्यापाशी राहतात, पण संघ म्हणून कागदावर काहीच राहत नाही. निकालाच्या यादीत लिहितात, 'अपूर्ण संघ'.

याचं सर्वांत मोठं उदाहरण 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं. त्या दिवशी भयंकर ऊन होतं. अडतीस जण निघाले, शर्यत पुरी केली फक्त पंधरा जणांनी. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला, अगदी ताजातवाना. त्याचाच सहकारी विले रिटोला दुसरा. पण संघाच्या पदकासाठी तीन माणसं लागत होती, आणि तिसरा लिमाटाइनेन कुठे दिसेना. तो आला तो पार थकलेला, धडपडत, बारावा. त्यानं ती रेघ ओलांडली तेव्हा फिनलंडला सांघिक सुवर्णपदक मिळालं. सबंध शर्यतीत तीनच देशांचे संघ पुरे झाले. त्या दिवशीचे हाल पाहून क्रॉसकंट्री ऑलिंपिकमधून काढून टाकली. नुर्मीचं नाव जगाला माहीत आहे. मला त्या बाराव्याचं नाव पाठ आहे, याचं कारण तुमच्या लक्षात आलं असेल.

मी या भानगडीत पडले तेही अशाच एका रिकाम्या जागेमुळे. माझी मुलगी आमच्या भागातल्या क्लबात धावायला जायची. मी तिला सोडायला जायचे आणि थंडीत नुसतं उभं राहण्यापेक्षा मैदानाला चार फेऱ्या मारायचे. एका गुरुवारी तिथल्या व्यवस्थापक बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, शनिवारी आमच्याकडे तीनच बायका आहेत, तू येशील का? मी म्हटलं, मला पळता येत नाही. त्या म्हणाल्या, पळता यायची गरज नाही, शेवटपर्यंत पोहोचायची गरज आहे.

मंडळी, मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करत होते, घर होतं, सासूबाई आमच्याकडे होत्या. माझी गरज सगळ्यांनाच होती. पण कशासाठी? डबा, औषधं, नमुन्यांचे रिपोर्ट. मला जे येत नाही त्यासाठी कोणी मला बोलावलं, असं त्रेचाळीस वर्षांत झालं नव्हतं. मी गेले. शेवटून दुसरी आले. आमच्या तिघींनी मिळवलेल्या आकड्यांत माझा भला मोठा आकडा मिळवला, आणि संघ तळापासून तिसरा का होईना, यादीत आला. त्या तिघी रेघेपाशी उभ्या राहून माझ्या नावानं ओरडत होत्या. नाव त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं, पण ओरडत होत्या.

तिथली पद्धत मला फार आवडते. शेवटची बाई येईपर्यंत वळणावळणांवर उभे असलेले स्वयंसेवक हलत नाहीत. ती गेली की तिच्या मागून झेंडे गोळा करत यायचं. नंतर तंबूत चहा आणि घरून आणलेले केक. संक्रांतीच्या सुमारास शर्यत असते तेव्हा मी तिळगूळ नेते. बेसनाचे लाडू एकदा नेले होते, शर्यतीच्या आधी खाल्ले लोकांनी, त्याचा परिणाम चांगला झाला नाही.

आमच्या क्लबात एक बाई होत्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. मी आले तेव्हा त्यांचं वय अडुसष्ट. त्या नेहमी शेवटच्या. मी येईपर्यंत तर होत्याच, नंतरही राहिल्या. चढावर चालायच्या, उतारावर धावायच्या, आणि स्वयंसेवकांना प्रत्येक वळणावर 'थांबलात, आभारी आहे' म्हणायच्या. प्रौढ बायकांचा आमचा वेगळा संघ होता, त्यात मी तिसरी आणि त्या चौथ्या. सहा मोसम आम्ही एकही शर्यत चुकवली नाही. सातव्या वर्षी त्या आजारी पडल्या. पहिल्या शनिवारी आम्ही तिघी धावलो. माझ्या आयुष्यातली ती बहुधा सर्वांत चांगली शर्यत, मी किती जणींना मागे टाकलं! संध्याकाळी निकाल आला. खाली एका ओळीत आमच्या क्लबचं नाव आणि पुढे 'अपूर्ण'. त्या हिवाळ्यात पाचही शर्यतींत तेच लिहिलं गेलं. मार्चमध्ये त्या गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला आम्ही क्लबचे टी-शर्ट घालून गेलो, तशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या मुलानं मला विचारलं, आई कधी जिंकली होती का? मी म्हटलं, नाही, पण त्या नसल्या की आम्हाला हरताही येत नव्हतं.

(सभागृहात थोडी शांतता होती, म्हणून पुढचं जरा घाईत बोलले.)

आता 'हौशी' या शब्दाबद्दल. हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण तो नेहमी इतका गोड नव्हता. 1866 साली लंडनमध्ये जो हौशी ॲथलेटिक क्लब निघाला, त्याच्या व्याख्येत कारागीर आणि मजूर माणसाला हौशी म्हणून जागाच नव्हती. कष्टाची सवय असलेला माणूस साहेब लोकांना हरवेल, ही भीती असणार. 1880 साली हौशी ॲथलेटिक संघटना स्थापन झाली तेव्हा ती अट गेली. पुढे आल्फ्रेड श्रब नावाचा बांधकामावरचा मजूर 1901 ते 1904 अशी सलग चार वर्षं इंग्लंडचा क्रॉसकंट्री विजेता झाला. मग त्याच्यावर पैसे घेतल्याचा ठपका ठेवून त्याला हौशी स्पर्धांतून काढलं. नुर्मीलाही 1932च्या ऑलिंपिकआधी याच कारणानं बंदी झाली. म्हणजे हौस कोणाला परवडते, हा प्रश्न जुना आहे. आपल्या वर्गातली शेताच्या बांधावरून रोज चार मैल चालत येणारी मुलं आठवा. त्यांना धावण्याचा वेगळा सराव लागत नव्हता. पण त्यांना शर्यतीच्या दिवशी सुट्टी मिळायची का, विचारा. सुगीच्या दिवसांत तर नाहीच.

आपल्या मातीत हा खेळ उपरा मुळीच नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तिथल्या क्रॉसकंट्रीतून पुढे आला आणि स्टीपलचेसमध्ये हांग्झोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दोघंही दुष्काळी भागातली. जिल्हा पातळीवर शालेय क्रॉसकंट्री होते, आपल्या शाळेतूनही मुलं जातात. पण ती निवडलेली चार-सहा. बाकीच्या हजार मुलांचं काय, हा माझा प्रश्न आहे, आणि तो मी इथे बसलेल्या क्रीडाशिक्षकांना नाही, आपल्या बॅचला विचारते आहे. कारण पैसे आपल्याकडे आहेत.

आपल्या निधीतून दरवर्षी पहिल्या तीन धावपटूंना रोख बक्षीस द्यावं, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. मी त्याला विरोध केला आणि त्यावरून व्हॉट्सॲपच्या गटात काय काय झालं, ते तुम्ही वाचलं आहेच. माझा पर्याय असा. दिवाळीनंतर, डिसेंबरात, ओढा आटलेला असताना, मागच्या गेटापासून माळावरून टेकडीच्या पायथ्याला वळसा घालून परत, अशी साधारण अडीच किलोमीटरची शर्यत ठेवायची. आठवी ते दहावी, प्रत्येक तुकडीचा एक संघ, चार मुली आणि चार मुलगे. मुलामुलींची शर्यत वेगळी, अंतर एकच, आणि आठही जणांच्या आकड्यांची बेरीज करायची. एक जरी कमी पडला तरी संघ अपूर्ण. बक्षीस तुकडीला, ग्रंथालयाची पुस्तकं किंवा खेळाचं सामान. पैसे मुख्यतः बुटांवर खर्च करायचे, कारण निम्मी मुलं आजही चपलेवर येतात. प्रत्येक वळणावर आपल्यापैकी दोघं उभे राहतील. शेवटचं मूल गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. डॉक्टर आपल्या बॅचमध्ये चार आहेत, त्यातला एक तरी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवेल.

आपल्यातल्या एकानं मला फोनवर म्हटलं, अगं, यानं हुशार मुलांचं नुकसान होतं, पहिला आलेला पोरगा मागच्या ढिल्या पोराची वाट का बघेल? त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पहिल्या मुलाचं कौतुक झालंच पाहिजे, त्याचा नंबर यादीत सर्वांत वर असणारच आहे. पण नववी 'क'मधला जो मुलगा आजवर पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसत आला, त्याच्याकडे वर्गाचा मॉनिटर स्वतःहून जाईल आणि म्हणेल, चल, उद्यापासून सकाळी माळावर जाऊ, आम्हाला तू हवास. मॉनिटरला तसं म्हणावं लागेल, कारण बेरीजच तशी आहे. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होईल. तुकडीला चार मुली हव्यात म्हटल्यावर घरी जाऊन परवानगी मागायला एकटी मुलगी जाणार नाही, सबंध तुकडी तिच्या आईकडे जाईल. आपल्या काळात कोणी अशी आली असती तर माझ्या आईनं काय केलं असतं, हे मी सांगू शकत नाही. चहा तरी नक्की दिला असता.

समितीची बैठक उद्या दुपारी आहे. त्याआधी वाट पाहून घ्यायला हवी. कुंपणं कुठे आली आहेत, कुत्री कुठे असतात, ओढ्यावरची फरशी मजबूत आहे का, हे कळल्याशिवाय कागदावर नकाशा काढून उपयोग नाही. म्हणून उद्या सकाळी साडेसहा वाजता मागच्या गेटापाशी जमायचं ठरवलं आहे. पळायलाच हवं असं नाही, चाललं तरी चालेल. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी काठी घेऊन यावं. आपल्या पी.टी.च्या सरांनी आताच मला खुणेनं विचारलं की ते आले तर चालेल का. सरांचं वय ब्याऐंशी आहे. सर, तुम्ही याच. नावं बाहेरच्या टेबलावरच्या वहीत लिहायची आहेत, मी सकाळी आले तेव्हा तीन झाली होती.